सुनावणीची तारीख

“मासेमारी, निरंक!” कमलाकरनं मोठ्यानं वाचलं आणि कपाळावर हात मारला.

समोर गोदूबाई खाडीतून आत्ताच आणलेली कोलंबी निवडत बसली होती.

गव्हाणच्या खाडीत एका रसायन कंपनीला भराव टाकायचा होता. पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अहवाल कंपनीनंच करून घेतलेला. तो तपासायचं काम सरकारी अधिकारी म्हणून कमलाकरच्या गळ्यात पडलं होतं. अहवाल कसला, चोपडं नुसतं! खाडीत मासे नाहीत, गावात कोळी नाहीत, आणि पान बावीसवर चक्क नर्मदेचा पूर. कुठून तरी उतरवताना मेल्यांनी नदीचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

“ह्यो लिवनारा आलता का कदी गावात?” गोदूबाईनं विचारलं.

“कसला येतोय! पंख्याखाली बसून लिहिलाय. सुनावणीत कुणी एकानं ही कोलंबीची टोपली टेबलावर ठेवली, की संपला अहवाल.”

“एक कशाला? आख्खं गाव येल. भराव परला तर आमी खायाचं काय, माती? तारीख सांगा फकस्त.”

गावकऱ्यांच्या हरकती ऐकून घ्यायच्या, ही सुनावणीची टूम अठ्ठ्याण्णव साली नवीनच होती.

“तारीख मीच लावणार, मावशी. पण कुणी आलंच नाही, तर कागदावर ‘हरकत नाही’ असं जातं. मग भराव पडलाच म्हणून समजा.”

“मंग भांगाला लावा, अष्टमीला. पान्याला जोर नसतो, जाली वालत टाकून सगली घरी. पुनव-अवसेला नको हां! उधान असतं, समदी खारीत. गावात कालं कुत्रं नाय गावायचं.”

कमलाकरनं वहीत लिहून घेतलं. “नक्की? सगळे जातात?”

“म्हातारी-कोतारी बी.”

निघताना गोदूबाईनं बळेबळे त्याच्या पिशवीत कोलंबी भरली. “तुमी आमचं मानूस,” ती म्हणाली.

पनवेलच्या कचेरीत टायपिस्ट दमयंती वाटच बघत होती. “साहेब, अहवाल दुरुस्तीला परत पाठवायचा ना?”

“छे हो! परत पाठवला की सहा महिने पत्रापत्री. वैताग नुसता! सुनावणीची नोटीस घ्या टाइप करायला.”

“तारीख काय टाकू?”

कमलाकर उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. त्याचं बोट अष्टमीवर क्षणभर थांबलं, मग पुढे सरकत गेलं आणि अमावास्येच्या काळ्या गोळ्यावर टेकलं.