कोंड्यातली अंडी

“कोंबड्यांचा वेल तोडू नको गो. तलंग एक आन् कोंबडा एक ऱ्हायला तरी पुरं. अंडी जमव, खुडूक झाली का बसव.”

सासूचे, आक्काचे, हे शेवटचे शब्द. ते कमळाच्या कानात होते आणि हात कोपरापर्यंत मडक्यात. भाताच्या कोंड्यात बोटं फिरली, तळाला लागली. काल तीन अंडी होती. आज एकही नाही.

कोपऱ्यात तलंग, तिची तरणी कोंबडी, पिसं फुलवून रिकाम्या गवतावर बसली होती. नेमकी आजच पहाटे अंडी उबवायला खुडूक झाली होती.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि भिवंडीच्या टोकाची ही सगळी आळी कोंबड्यांवाचून सुनी झाली. आक्कानं माहेराहून, अंजूरहून आणलेल्या वाणाची ही एक तलंग आणि एक तांबडा कोंबडा तेवढा वाचला. आक्का त्याच महिन्यात गेली. कमळानं तलंगीला कण्या चारल्या, तिची मातकट अंडी एकेक करून कोंड्यात पुरली. घरात कुणाला एक खाऊ दिलं नाही. तसेही सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे तिचे उपास. तिच्या चुलीवर अंडं चढायचं ते सणासुदीसारखं.

आतापर्यंत अकरा व्हायला हवी होती. पण एक ठेवावं तर दुसरं गेलेलं.

“उंदीर असंल,” पंढरी म्हणाला. तिचा नवरा. रिक्षा काढायच्या घाईत होता.

“उंदीर मडक्यावर झाकण परत ठेवतो व्हय?”

पंढरी हसला, मिशीवरून हात फिरवला. “मग मला काय माहीत? शेजारी बाळंतीण हाय, एवढं माहीत हाय.”

“चहा तरी घ्या.”

“नको. भूक न्हाय.”

रिक्षा गेली. कमळा मागच्या दारी आली. कुंपणापलीकडे शेजारच्या जुबैदाच्या उकिरड्यावर अंड्यांची टरफलं पडली होती. पांढरीशुभ्र. 

कमळाचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. आताही गेला नाही. कुंपणाशी जाऊन ती हळूच म्हणाली, “जुबैदाभाभी, माझी अंडी गेली.”

जुबैदा नातवाची दुपटी पिळत होती. “या अल्ला! कोणी नेली?”

“ज्याला खायची व्हती त्यानं.”

जुबैदाचे हात थांबले. “मुर्गी तुझी, मडका तुझा. माझ्या दारात काय शोधतेस? माझ्या लेकीला, सुरैयाला अंडी लागतात, ती तिचा बाप दुकानातून आणतो.”

“आणत असतील.”

“असतील म्हणजे? तोंडावर बोल ना! गोड बोलून सुरी फिरवतेस होय? आक्का असती तर थोबाड रंगवलं असतं तुझं.”

त्या तोंडात आक्काचं नाव!  जुबैदानं नातू झाल्यावर पाठवलेली खिरीची वाटी कमळाकडे होती. ती घासून, पालथी घालून कुंपणावर ठेवली आणि घरात आली. 

मंगळवारी ती गावदेवीला गेली. मुठीत तांदूळ घेऊन तिनं गाऱ्हाणं घातलं.

“आई, तुझा एक वार मी चुकवला न्हाय. ज्यानं माझ्या घरचा वेल तोडला त्याला अंथरुणाला खिळव. ज्या दिवशी मला चोर पडलेला दिसंल, त्याच दिवशी माझा तांबडा कोंबडा तुझ्या पायाशी आणीन.”

परतताना तिच्या ध्यानात आलं, आळीत दुसरा गावठी कोंबडाच नाही. तलंग पुन्हा अंडी घालील, पण तांबड्याशिवाय ती अंडी वांझ. पण तांदूळ वाहून झाले होते. आणि राग अजून तसाच होता.

मग रोज सकाळी ती कुंपणापलीकडे बघू लागली. जुबैदा ठणठणीत. मासे विकायला आलेल्या मावरेवालीशी भांडतेय, विहिरीवरून दोन दोन हंडे आणतेय, नातवाला मांडीवर थोपटतेय. हसली की दोन घरं ऐकू जावं असं हसतेय. रिकाम्या गवतावर बसून बसून तलंग शेवटी उठून गेली. कमळानं तोंडातल्या तोंडात देवीलाही बोलून घेतलं. झोपलीस काय गो?

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पंढरी रिक्षा अर्ध्यात टाकून घरी आला. उलट्या, जुलाब, अंगात फणफणून ताप. शनिवारी त्याला उठून बसवेना.

कुंपण ओलांडून जुबैदा आली. हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या.

“माझ्याशी बोलू नको,” ती म्हणाली. “पण हे पाज त्याला. घोटघोट.”

कमळानं तांब्या घेतला.  हिनं माझं घर बुडवलं आणि आता पाणी पाजायला आली. जुबैदा हलली नाही. उंबऱ्यात बसून राहिली, डॉक्टर आले तरी.

डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली. सुई टोचली आणि पिशवी आवरता आवरता म्हणाले, “आतड्याचा ताप आहे. पंधरा दिवस अंथरूण सुटायचं नाही. आणि बाई, यांचा तो खुराक आधी बंद करा.”

“कसला खुराक?”

“आत्ता तुम्ही आत गेलात तेव्हा विचारलं, तर म्हणाले की. गेल्या महिन्यात जमेल त्या पहाटे कच्चं अंडं फोडून तोंडात! घरचं असलं म्हणून काय झालं?”

पंढरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर गेले.  कमळानं नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, उशाशी पाणी ठेवलं.

“भाभी, घडीभर यांच्यापाशी बसता?”

“बसते गो. पण अशा वेळी तू कुठं निघालीस?”

“देवीला शब्द दिलाय,” कमळा म्हणाली, आणि तांबड्याचे पाय बांधायला अंगणात उतरली.