एक इंजिन, एक मांजर

नवरा-बायकोत तह झाला होता: त्याचं वीतभर लांबीचं, हुबेहूब खऱ्यासारखं रेल्वेचं डिझेल इंजिन घरात एकच राहील आणि तिची कपाळावर काळा ठिपका असलेली पांढरी मांजरही एकच.

नवरा मोठा बिलंदर. गुपचूप नवं मॉडेल आणायचा, त्यावर तोच पिवळा पट्टा, तोच नंबर रंगवायचा, तीच काजळी फासायचा आणि शोकेसमध्ये एका वेळी एकच ठेवायचा. बाकीची बुटांच्या खोक्यांत.

"अहो, याचा दिवा कालपर्यंत लागत नव्हता ना?" बायको विचारायची.

"दुरुस्त केला," म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसायचा. भोळी आहे बिचारी! काळ्या रंगाची बाटली मात्र हल्ली फार लवकर संपत होती. काजळी फासताना आपला हात जरा सढळच पडतो, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

एक दिवस तो ऑफिसातून लवकर घरी आला. दारातच मांजर पायात घोटाळली. तिला ओलांडून स्वयंपाकघरात गेला, तर तीच मांजर ओट्यावर दूध पीत होती.

 

आणि "हलू नकोस गं!" म्हणत बायको मांडीवरच्या तिसरीच्या कपाळावर त्याच्याच ब्रशनं काळा ठिपका काढत होती.