टोपलीखालचा खड्डा

उजाडताना यांत्रिक कासव समुद्रातून वर आलं. वल्ह्यांसारखे पाय ओढत पुळणीवर चढलं, खड्डा खणून वाळूचा नमुना घेतला आणि लाटांत परतलं. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखत आलेल्या धाकू तांडेलांनी लगेच त्या खड्ड्यावर टोपली पालथी घातली, तारखेची चिठ्ठी लावली. खरं कासव येऊन अकरा वर्षं झाली होती.

“काका, त्यात अंडी नसतात हो,” ते यंत्र बनवणारी ऋजुता म्हणाली.

“ठाऊक आहे, बाय.”

काका शेजारच्या जुन्या टोपलीपाशी गेले. तिला आज पंचावन्न दिवस झाले होते. पूर्वी पिल्लं निघायची ती याच सुमाराला. त्यांनी टोपली उचलली. खाली नुसती वाळू होती. काका वाकून बघत राहिले.

“जरा सरक, बाय,” ते हळूच म्हणाले. “समुद्राच्या वाटेत उभी आहेस.”