फक्त अंक टाका

‘कृपया फक्त अंक टाका.’ यंत्राला जोडलेल्या टॅबवर लाल अक्षरं पुन्हा उमटली.

सुंदराबाईनं टाकलेलं पुसलं. बोट पदराला कोरडं केलं आणि परत एकेक कळ दाबली. ३७.५. लाल अक्षरं हलली नाहीत.

सकाळी वीज गेली, तेव्हा बचत गटाच्या अंडी उबवायच्या यंत्राची सगळी सेटिंग पुसली गेली होती. आता वीज आली होती, पण तापमान भरल्याशिवाय यंत्र तापायला तयार नव्हतं. आत दोनशे चौसष्ट अंडी. पिल्लं निघायला चार दिवस.

“संध्या, पाह्य बरं. हे सदतीसच हाय ना?”

गटातली संध्या आठवी शिकलेली. तिनं वाकून पाहिलं. “सदतीस पॉइंट पाच. बरोबर तर हाय.”

“मंग अंक टाका काऊन म्हनते? हे काय हाय मंग?”

सुंदराबाईनं तळहातावर पेनानं सदतीस लिहिलं आणि टॅबशेजारी धरलं. तेच होतं. तरी तिला वाटलं, आपलंच कुठंतरी चुकतंय.

तिनं यंत्राचं दार उघडून एक अंडं मिटल्या पापणीला लावलं. जेमतेम कोमट. तिनं अकोल्याला फोन लावला. यंत्राचा प्रोग्राम प्रतीक्षानं बनवला होता.

“बरोबर आहे, मावशी. सदतीस पॉइंट पाचच टाकाचं.”

“तू बरोबर म्हनतं, संध्या बरोबर म्हनते. हे नाही म्हनते.”

प्रतीक्षानं फोटो मागवला. तो पाहताच तिच्या लक्षात आलं.

“मावशी, तुमचं नाही चुकलं. माह्यं चुकलं. त्याले फक्त इंग्रजी आकडे समजते. हे आपले मराठी आकडे त्याले आकडे वाटतच नाहीत. खाली पृथ्वीचं चित्र आहे, ते दाबा. मंग फोन लावतानी दाबता ते आकडे टाका.”

सुंदराबाईनं टाकले. लाल अक्षरं गेली. यंत्राचा पंखा घरघरला. संध्या हुश्श करून खाली बसली.

“झालं न, मावशी? ठेवू?”

सुंदराबाईनं फोन कानाचा काढला नाही. ती तळहातावरच्या मराठी सदतीसकडं पाहत होती.

“पोरी, चाळीस वर्साची झाल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात बसून शिकली,” ती म्हणाली. “ते मंग काय शिकली?”