कोऱ्या खाचेतला श्वास

केव्हाच बंद पडलेल्या एका अमेरिकी सोल संगीताच्या कंपनीच्या शेवटच्या रेकॉर्डची एक प्रत चष्मेवाल्याकडे होती आणि एक त्याच्या मेहुण्याकडे. पण गाणं संपून सुई मधल्या कोऱ्या खाचेत फिरू लागली, की मेहुण्याच्या रेकॉर्डमध्ये कोणीतरी श्वास घेत असे. चष्मेवाल्याच्या रेकॉर्डमध्ये नुसती खरखर.

"गायिकाच ती," मेहुणा मिशीत हसायचा. "तुमच्याकडे बिचारीचा जीव गुदमरत असेल, भावजी!"

चष्मेवाल्याच्या पोटात दुखायचं.

एका संध्याकाळी तो मेहुण्याच्या घरी गेला; मेहुणा चहा टाकायला आत गेला, तेव्हा चष्मेवाल्याने त्याची रेकॉर्ड पाकिटातून काढून घेतली आणि पिशवीतून आणलेली आपली तिच्या जागी सरकवली. लेबलाशेजारी कारखान्यातल्या कोणी हाताने कोरलेली खूण त्याने भिंगाखाली धरून पाहिली. मेहुण्याच्या रेकॉर्डवर चांदणी, आपल्या रेकॉर्डवर फुली. चूक होणं शक्यच नव्हतं.

धावतपळत जिने चढून तो घरी आला आणि कोटही न काढता त्याने चांदणीची रेकॉर्ड लावली. गाणं संपलं. सुई कोऱ्या खाचेत फिरू लागली. त्याने स्पीकरला कान लावला.

नुसती खरखर.

तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, काय सांगू तुम्हाला!" मेहुणा अगदी हरखून गेला होता. "मी आत्ता ती रेकॉर्ड लावलीय. आज श्वास केवढा जवळून येतोय! आणि बाईचा नाहीच हो तो. पुरुषाचा आहे. जिने चढून आल्यासारखी धाप लागलीय त्याला."

चष्मेवाल्याने नकळत श्वास रोखला.

"अरेच्चा," मेहुणा म्हणाला. "थांबला."