शिवलेले खिसे

"खिसे लावा, पण त्यांची तोंडं शिवून टाका," मुलाच्या पहिल्या फुलपँटचं माप देताना बाप म्हाताऱ्या टेलरला म्हणाला.

मुलगा वैतागला. "बाबा, मग रुमाल काय डोक्यावर ठेवू?"

"आपला काळा रंग बघून पोलीस अडवणारच. तेव्हा चुकून जरी हात खिशात गेला, तर पिस्तूल काढतोय समजून गोळी घालायला मागेपुढे बघणार नाहीत ते."

"मग खिसे हवेतच कशाला?"

"अरे, कधीतरी थांबेलच की हे. त्या दिवशी टीप उसवायची, झालं!"

टेलरने वहीत लिहून घेतलं. याच बापाच्या पहिल्या फुलपँटचं माप देताना मुलाच्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं, अगदी शेवटच्या 'झालं'सकट.