ऑपरेशनआधीची साखर

सत्यवतीला सकाळपासून इन्सुलिनची दोन इंजेक्शनं दिली होती, तरी रक्तातली साखर दोनशे शेहेचाळीसवरून हलेना. बारापर्यंत ती दोनशेखाली आली नाही, तर पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर जाणार होतं.

"भीती वाटते का, मावशी?" डॉक्टर मुक्ताने विचारलं. भीतीनेही साखर चढते, हे तिला ठाऊक होतं.

"ऑपरेशनाची कसली भीती, बाय? घरची म्हैस माझ्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नाही. कालपासून दूध तटलंय तिचं."

मुक्ताने आपल्या मोबाइलवरून कोरगावला तिच्या घरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. सत्यवतीचा नवरा धाकू पलीकडून ओरडलाच, "दूध दिल्यान गो म्हशीन! मी तुझां लुगडां नेसून बसलंय, तेव्हाच गप उभी रवली."

"आणि पदर?"

"डोक्यावरून घेतलंय. शेजारी अजून हसतत."

"हसूं देत. सांजेकय तांच नेसा!" म्हणत सत्यवती दुखरं पोट धरून खळखळून हसली.

पावणेबाराला मुक्ताने पुन्हा तिचं बोट टोचलं. साखर एकशे अठ्ठ्याऐंशी.